तलंग की कोंबडा?

२०१९ च्या विसाव्या पशुगणनेत देशातील कोंबड्या व अन्य पाळीव पक्ष्यांची संख्या ८५ कोटी १८ लाख भरली. या आकड्यातील लक्षणीय गोष्ट अशी की, २०१२ नंतरच्या सात वर्षांत व्यापारी कुक्कुटगृहांतील पक्षी जेमतेम साडेचार टक्क्यांनी वाढले, तर घराच्या परसात व अंगणात पाळल्या जाणाऱ्या पक्ष्यांची संख्या सुमारे ४६ टक्क्यांनी वाढून ३१ कोटी ७० लाखांवर गेली. दर आठ पक्ष्यांपैकी तीन पक्षी असे कोणाच्या तरी खुराड्यातील होते. भूमिहीन मजूर, अल्पभूधारक शेतकरी आणि विशेषतः त्यांच्या घरातील स्त्रिया यांच्या हाती रोख पैसा आणणाऱ्या ज्या थोड्या गोष्टी खेड्यात उरल्या आहेत, त्यांत कोंबडीचे स्थान किती वरचे आहे, हे या वाढीवरून स्पष्ट होते.

परंतु पक्षी वाढले म्हणजे अंडी वाढली, असे समीकरण मांडता येत नाही. परसातील कुक्कुटपालनाचा सारा हिशेब एका प्राथमिक प्रश्नापाशी येऊन थांबतो. घरात आलेले पिल्लू पुढे तलंग होणार की कोंबडा? अंडी घालणार की आरवणार? शहरी वाचकाला हा प्रश्न क्षुल्लक, किंबहुना विनोदी वाटण्याचा संभव आहे. ज्या घराने दहा पिल्ले उसनवारीने आणली आणि चार महिने कण्या-कोंडा घालून वाढवली, त्या घरापुढे मात्र वर्षाच्या उत्पन्नाचा प्रश्न उभा असतो.

निसर्गाची सोडत

उबवलेल्या अंड्यांतून नर आणि मादी साधारणतः निम्मे-निम्मे निघतात, हे सर्वश्रुत आहे. मात्र ही सरासरी मोठ्या संख्येला लागू पडते. ज्याने शंभर मिश्र पिल्ले घेतली, त्याच्या वाट्याला चाळीस ते साठ तलंगा येतील, असे बहुतांशी खात्रीने सांगता येते. दहा पिल्ले घेणाऱ्याला तशी खात्री कोणीच देऊ शकत नाही. संभाव्यतेचे साधे गणित मांडले, तर दहा मिश्र पिल्लांत सात किंवा त्याहून अधिक नर निघण्याची शक्यता सुमारे सतरा टक्के येते. म्हणजे सहा घरांना प्रत्येकी दहा पिल्ले दिली, तर त्यांपैकी एका घरात तीन किंवा त्याहूनही कमी तलंगा असणार. पाचव्या-सहाव्या महिन्यात शेजारणीच्या घरी अंडी दिसू लागतील आणि या घरी मात्र सात कोंबडे एकमेकांशी झुंजत बसतील. यात त्या घरच्या बाईची निगा कमी पडली, असे काही नसते.

मोठ्या शेतकऱ्याला सरासरीचे संरक्षण असते, लहानाला ते नसते. जितका गट लहान, तितका या सोडतीतील धोका मोठा. गरिबांसाठी आखलेल्या योजनांत गट लहानच असतात, हे ध्यानी घेतले म्हणजे नर-मादी ओळखण्याचा प्रश्न केवळ कुक्कुटशास्त्राचा न राहता धोरणाचाही होतो.

योजनाकारांना याची अजिबात कल्पना नाही, असे म्हणणे अन्यायाचे होईल. राज्याच्या एकात्मिक कुक्कुट विकास योजनेत आठ ते दहा आठवडे वयाच्या २५ माद्या आणि ३ नर अशा तलंगांच्या गटाचे अनुदानावर वाटप करण्याची तरतूद करण्यात आली, ती हा भेद जाणूनच. याच योजनेत एक दिवसाच्या १०० पिल्लांच्या गटाचीही सोय ठेवण्यात आली. केंद्राच्या राष्ट्रीय पशुधन अभियानात दारिद्र्यरेषेखालील कुटुंबांना चार आठवड्यांपर्यंत वाढवलेली पिल्ले टप्प्याटप्प्याने देण्याचा मार्ग स्वीकारण्यात आला. दिवसाच्या पिल्लांतील मरतूक टळावी, हा त्यामागील हेतू योग्यच होता. परंतु चार आठवड्यांचे पिल्लू हाती घेऊन ते नर की मादी हे सांगणे सामान्य माणसाला जवळजवळ अशक्य असते. पंचवीस माद्या कागदावर लिहिणे सोपे आहे. त्या पंचवीस माद्याच आहेत, याची खात्री घेणाऱ्याने कशी करायची?

हैदराबादच्या कुक्कुट संशोधन संचालनालयाने विकसित केलेली वनराजा कोंबडी परसात वर्षाला १०० ते ११० अंडी देते, असे मानले जाते; त्याच संस्थेची ग्रामप्रिया १६० ते १८० पर्यंत जाते. समजा, पंचवीस तलंगांच्या गटात सात कोंबडे निघाले. कमीत कमी हिशेब धरला तरी त्या कुटुंबाची वर्षाला सातशे अंडी बुडाली. गावरान अंड्याला बाजारात नेहमीच्या अंड्याहून चढा भाव मिळतो, हे लक्षात घेतले म्हणजे ही तूट किती मोठी हे वेगळे सांगावयास नको.

समजुती आणि शास्त्र

पिल्लू बाहेर येण्यापूर्वीच त्याचे लिंग ओळखण्याची माणसाची धडपड फार प्राचीन आहे. लांबट, टोकदार अंड्यातून मादी निघते आणि गोलसर अंड्यातून नर, असे ॲरिस्टॉटलने लिहून ठेवले. पुढे रोमन कृषिशास्त्रज्ञ कोल्युमेलाने नेमके याच्या उलट सांगितले. दोघांनीही तितक्याच खात्रीने लिहिले आणि दोघेही चुकले. कारण अंड्याच्या आकाराचा पिल्लाच्या लिंगाशी संबंधच नाही. कोंबड्यांमध्ये लिंग ठरते ते मादीकडून. नराजवळ लिंगनिश्चिती करणारी दोन्ही गुणसूत्रे एकसारखी असतात, मादीजवळ ती भिन्न असतात. अंडे फलित होते त्याच वेळी निर्णय झालेला असतो. उबवणीच्या टोपलीत कोणती अंडी ठेवली आणि कोणत्या मुहूर्तावर कोंबडी बसवली, यावर तो अवलंबून नसतो.

खरा शोध लागला तो जपानमध्ये. कियोशी मासुई आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९२० नंतरच्या दशकात असे दाखवून दिले की, दिवसाच्या पिल्लाचे गुदद्वार हलकेच उघडून पाहिल्यास आतील सूक्ष्म उंचवट्यावरून नर-मादी सांगता येते. १९२७ साली ओटावा येथे भरलेल्या जागतिक कुक्कुट परिषदेत हा शोध जगापुढे आला आणि १९३३ साली त्यावरील ग्रंथ इंग्रजीत निघाला. पाहता पाहता या कलेत तरबेज झालेले जपानी तज्ज्ञ अमेरिका, कॅनडा, ऑस्ट्रेलिया आणि युरोपातील उबवणी केंद्रांवर जाऊ लागले. निष्णात माणूस तासाला हजाराच्या आसपास पिल्ले पाहतो आणि शंभरात फार तर दोन-तीन चुका करतो. मात्र हे कसब दीर्घ अभ्यासाने येते. उंचवट्यातील फरक पिल्लू जन्मल्यापासून पहिल्या दिवसाच्या आतच नीट ओळखता येतो आणि नवख्या हातांनी पिल्लाला इजा होण्याचा धोका असतो. त्यामुळे घरोघरी करून पाहण्यासारखा हा उपाय नव्हे.

दुसरी वाट दाखवली ती केंब्रिजच्या रेजिनाल्ड पनेट यांनी. काही गुण मातेकडून केवळ मुलग्यांकडेच उतरतात, या आनुवंशिकतेच्या नियमाचा त्यांनी उपयोग केला. ऱ्होड आयलंड रेडसारखा तांबडा कोंबडा आणि पट्टेदार पिसांची प्लायमाउथ रॉक कोंबडी यांचा संकर केला, तर नर पिल्लांच्या डोक्यावर फिकट ठिपका असतो आणि मादी पिल्लांचे डोके काळे असते. तांबडा कोंबडा आणि विशिष्ट रुपेरी-पांढऱ्या वाणाची कोंबडी यांची पिल्लेही रंगावरूनच वेगळी काढता येतात. पंखावरील पिसे लवकर किंवा उशिरा फुटण्याच्या गुणाचाही असाच उपयोग होतो. या पद्धतींना ना दीर्घ शिक्षण लागते, ना यंत्र. लागतात ते केवळ डोळे आणि मातापित्यांची योग्य निवड. अर्थात ही खूण पहिल्याच पिढीपुरती खात्रीची असते. याच कोंबड्यांची अंडी घरी उबवली, की पुढच्या पिढीत खुणा विस्कटून जातात.

ज्ञान कोणाच्या हाती?

म्हणजे पिल्लाचे लिंग पहिल्याच दिवशी ओळखण्याचे ज्ञान जगाला शंभर वर्षांपासून उपलब्ध आहे. व्यापारी उबवणी केंद्रांनी ते पुरेपूर वापरले आहे. अंड्यांच्या जातीची पिल्ले बाहेर येताच ती निवडली जातात आणि माद्या कुक्कुटगृहांकडे रवाना होतात. नरांचे काय होते? या जातींचे नर अंडी देत नाहीत आणि त्यांच्या अंगावर मांसही किफायतशीर वेगाने चढत नाही. म्हणून जगभर दरवर्षी अशी अब्जावधी नर पिल्ले पहिल्याच दिवशी मारून टाकली जातात. या प्रथेविरुद्ध युरोपात मोठे लोकमत तयार झाले. जर्मनीच्या सर्वोच्च प्रशासकीय न्यायालयाने २०१९ साली असा निर्वाळा दिला की, केवळ आर्थिक हितासाठी पिल्ले मारणे प्राणिकल्याणाच्या तत्त्वाशी विसंगत आहे; आणि १ जानेवारी २०२२ पासून तेथे या प्रथेवर कायद्याने बंदी आली. फ्रान्सनेही त्यापाठोपाठ तेच पाऊल उचलले. अंड्याच्या कवचातून प्रकाश सोडून किंवा आतील द्रवाचा थेंब तपासून पिल्लू बाहेर येण्यापूर्वीच लिंग ओळखणारी यंत्रे तेथे आता वापरात आहेत.

भारतात अशी बंदी नाही. येथील अंडी उद्योगाने नको असलेल्या नरांसाठी आणखी एक वाट काढलेली दिसते. ही वाट खेड्याकडे जाते. जत्रेत आणि आठवडे बाजारात गुलाबी, हिरव्या, जांभळ्या रंगांत बुडवलेली जी पिल्ले पाटीत घालून विकली जातात, त्यांतील बहुतेक अंड्यांच्या जातीचे हे नाकारलेले नर असतात. मुलांच्या हट्टापायी ती घेतली जातात, तोवर फारसे बिघडत नाही; दोन दिवसांत ती मरतात आणि विषय संपतो. परंतु सायकलवरून गावोगाव फिरणाऱ्या विक्रेत्याकडून ‘अंड्याची पिल्ले’ म्हणून एखादी बाई दहा-वीस पिल्ले विकत घेते, तेव्हा तिची फसवणूक पहिल्याच क्षणी पूर्ण झालेली असते. येथे निम्मे-निम्म्याची सोडतही नाही, कारण निवड आधीच झालेली आहे. उबवणी केंद्राला ठाऊक आहे, घाऊक व्यापाऱ्याला ठाऊक आहे, बहुधा विक्रेत्यालाही ठाऊक आहे. ठाऊक नाही ते फक्त पैसे मोजणाऱ्या बाईला, आणि तिला ते कळेपर्यंत तीन महिन्यांचा दाणा पोटात गेलेला असतो.

घरच्या डोळ्यांनी काय दिसते?

कोंबड्या पाळणाऱ्या स्त्रियांना यातले काहीच कळत नाही, असा मात्र समज करून घेऊ नये. पिढ्यानपिढ्यांच्या निरीक्षणाने त्यांनी मिळवलेले ज्ञान शास्त्राच्या कसोटीला बरेचसे उतरते. पाच-सहा आठवड्यांनंतर नराचा तुरा भराभर वाढू लागतो आणि लाल होतो, मादीचा लहान व फिकट राहतो. नराचे पाय जाड असतात आणि तो छाती काढून उभा राहतो. दहा-बारा आठवड्यांच्या सुमारास सर्वांत विश्वसनीय खूण दिसू लागते: नराच्या मानेवर आणि पाठीच्या मागील भागावर लांब, अणकुचीदार, चकाकणारी पिसे येतात, मादीची त्याच जागेची पिसे टोकाला गोलसर असतात. शेपटीत वाकडी लांब पिसे दिसू लागली आणि आरवणे सुरू झाले, की शंकेला जागा राहत नाही.

परंतु या खुणाही सर्व जातींना सारख्या लागू पडत नाहीत. असीलचा तुरा नरातही आखूड व चपटा असतो, त्यामुळे केवळ तुऱ्यावर विसंबणारा फसतो. कडकनाथचा तुरा मुळातच काळसर असल्याने लाली लवकर उठून दिसत नाही. ज्या कोंबड्यांच्या मानेवर पिसेच नसतात, त्यांच्या बाबतीत पाठीकडची पिसे पाहावी लागतात. पायाची नखी अर्थात आर पाहून निर्णय करण्याची रीत तर तरुण पक्ष्यांत निरुपयोगीच, कारण ती फार उशिरा वाढते. तात्पर्य, निव्वळ नजरेच्या बळावर खात्रीने सांगता येईल असे वय दहा-बारा आठवड्यांचे आहे. सरकारी वाटप मात्र एक दिवस, चार आठवडे किंवा फार तर आठ-दहा आठवड्यांच्या वयात होते. घेणाऱ्याला कळू लागते तेव्हा देणाऱ्याची जबाबदारी संपलेली असते. हा मधला काळ हीच या योजनांमधील खरी फट आहे.

कोंबडा म्हणजे तोटाच काय?

यावर कोणी असे म्हणेल की, परसातील कोंबडा वाया थोडाच जातो? हा आक्षेप रास्त आहे आणि त्याचा विचार झाला पाहिजे. अंड्यांच्या व्यापारी जातीचा नर आणि वनराजा, गिरिराजा किंवा गावरान जातीचा नर यांत महदंतर आहे. दुसऱ्या प्रकारचा कोंबडा उकिरड्यावर चरून वाढतो, त्याच्या मांसाला चव असते आणि ब्रॉयलरपेक्षा त्याला भावही अधिक येतो. आखाडात, जत्रांच्या हंगामात त्याची मागणी वाढते. श्रावण लागला की ती एकदम खाली येते. फाल्गुन-चैत्रात आणलेले दिवसाचे पिल्लू आषाढात साडेतीन-चार महिन्यांचे होते. ज्या घराला आपल्याकडे कोंबडे किती आहेत हे वेळीच कळते, ते घर हा मोसम साधू शकते आणि दाण्याचा खर्चही वाचवू शकते. ज्याला ते कळत नाही, ते घर तलंग समजून कोंबड्याला पोसत राहते आणि अखेर श्रावणात मिळेल त्या भावाला विकते.

शिवाय अंडी आणि कोंबडा यांचा पैसा एकाच हाती जात नाही. अंडी दारात विकली जातात आणि त्यांचे चार पैसे बहुधा बाईच्या हाती राहतात. मीठ-मिरची, मुलाची वही, औषधपाणी यांचा खर्च त्यातून निघतो. कोंबडा बाजारात जातो आणि अनेक घरांत त्याचा पैसा पुरुषाच्या खिशातून परत येईलच असे नसते. तेव्हा तलंगांऐवजी कोंबडे वाट्याला येणे म्हणजे घराचे उत्पन्न बदलणे इतकेच नव्हे. घरातील उत्पन्नाचा धनी बदलणे होय.

उपाय हाताशी आहेत

या प्रश्नावर युरोपातील महागड्या यंत्रांची येथे गरज नाही. पहिली आवश्यकता आहे ती प्रामाणिक नोंदीची. वाटपाच्या वेळी घेणाऱ्याच्या हाती जो कागद पडतो, त्यावर पक्ष्यांच्या संख्येबरोबरच त्यांतील माद्यांची संख्या लिहिलेली असावी आणि बाराव्या आठवड्यात पशुवैद्यकीय दवाखान्याच्या कर्मचाऱ्याने तिची पडताळणी करावी. लिहिलेल्या संख्येपेक्षा तलंगा कमी निघाल्या तर तितक्या बदलून देण्याची हमी पुरवठादाराकडून घेतली जावी. अशी हमी मागितली, की आठ आठवड्यांच्या गटातील तुरा पाहण्याची तसदी पुरवठादार आपण होऊन घेईल.

दुसरी गोष्ट, वीस-पंचवीस पक्ष्यांहून लहान गट मिश्र देऊच नयेत. त्यातून उरणारे नर ‘कोंबड्यांचा गट’ म्हणून, स्वस्त दराने आणि तसे उघड सांगून, मांसासाठी पाळणाऱ्यांना द्यावेत. आषाढाच्या आधी चार महिने असे गट वाटले, तर ते घेणारे पुढे येतील. जर्मनीला ज्या नरांचे काय करावे हे कायद्याने ठरवावे लागले, त्यांचा प्रश्न दुहेरी उपयोगाच्या जातींमध्ये मुळातच इतका बिकट नसतो, ही आपल्या परसाची जमेची बाजू आहे. ती वाया घालवण्याचे कारण नाही.

तिसरी गोष्ट, पिल्लाच्या अंगावरच खूण असणारे संकर सरकारी उबवणी केंद्रांतून अधिक प्रमाणात तयार व्हावेत. ऱ्होड आयलंड रेड जात आपल्या शासकीय केंद्रांना अपरिचित नाही. डोक्यावरचा ठिपका पाहून नर-मादी सांगणे निरक्षर स्त्रीलाही जमेल. मग देणाऱ्याच्या शब्दावर विसंबण्याची गरजच राहणार नाही. याच केंद्रांच्या आश्रयाने ग्रामीण तरुणींना पिल्ले निवडण्याचे जपानी पद्धतीचे शिक्षण दिले, तर बोटांच्या कसबावर चालणारा एक सन्मानाचा रोजगारही उभा राहील.

विक्रेत्यांच्या बाबतीत बंदीचा विचार लगेच सुचतो. परंतु फिरस्त्या सायकलवाल्याला पकडून मूळ दोष जाणार नाही. नर पिल्ले बाहेर पडतात ती उबवणी केंद्रातून. ती विकायचीच असतील, तर ‘नर’ अशी स्पष्ट नोंद केल्याखेरीज विकता येऊ नयेत आणि ती रंगवण्यास मनाई असावी. ज्याच्याजवळ ज्ञान आहे, त्यानेच ते उघड करण्याची जबाबदारी घ्यावी, हा व्यवहारातील प्राथमिक नियम बियाण्याला आणि खताला लागू होतो. तो पिल्लालाही लागू व्हावा.

अखेर प्रश्न आहे तो योजनेचे यश कशाने मोजायचे याचा. वाटलेल्या पक्ष्यांची बेरीज करणे सोपे असते आणि ती वार्षिक अहवालात शोभूनही दिसते. त्याऐवजी वाटपानंतर सहा महिन्यांनी किती घरांत अंडी निघू लागली, ही एकच संख्या प्रत्येक तालुक्याने जाहीर केली, तर बाकीच्या सुधारणा आपोआप मार्गी लागतील. परसातील बाई आपल्या कोंबड्यांचा हिशेब वर्षानुवर्षे याच रीतीने करीत आली आहे; सरकारनेही तो तसाच करावा.